कोड लिहिताना ऑपरेटिंग सिस्टिम आडवी येते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात प्रोग्रामिंग शिकणाऱ्याची किंवा त्यावर घर चालवणाऱ्याची तीन सिस्टिम्सशी गाठ पडतेच. घरच्या लॅपटॉपवर विंडोज, कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू, हिंजवडी किंवा खराडीच्या ऑफिसात कदाचित मॅक. आणि कोड शेवटी चालतो तो बहुतेकदा लिनक्स सर्व्हरवर. खालचे बरेचसे प्रश्न या येण्याजाण्यातूनच निघाले आहेत.

कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

बंदिस्त कोणती आणि मुक्तस्रोत कोणती? मॅक कुठे बसतो?

विंडोजचा सोर्स कोड मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात आहे, म्हणून ती बंदिस्त. लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) जीपीएल २ या मुक्तस्रोत परवान्याखाली आहे. कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. मॅक अधलामधला आहे. त्याच्या कर्नलचा सोर्स ॲपल प्रसिद्ध करते, पण खिडक्या, ग्राफिक्स, एक्सकोड (ॲप बनवायचं ॲपलचं साधन) हे सगळं बंद. रोजच्या कामापुरता मॅक बंदिस्तच धरा.

माझ्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट नीट बिल्ड होतो, सर्व्हरवर मात्र "फाइल सापडत नाही" म्हणतो. फाइल तर तिथेच आहे!

आधी फाइलच्या नावातली लहान-मोठी अक्षरं तपासा. विंडोजची एनटीएफएस आणि मॅकची एपीएफएस या फाइल सिस्टिम्स मूळ सेटिंगमध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत भेद करत नाहीत. लिनक्सची एक्स्ट४ करते. फाइलचं नाव कॅपिटल यू वापरून ठेवलं आणि इम्पोर्टमध्ये स्मॉल यू लिहिला, तर विंडोज आणि मॅक ते चालवून घेतात. लिनक्सच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली आहेत.

दुरुस्ती करताना आणखी एक अडचण येते. विंडोजवर फोल्डरच्या नावातलं एकच अक्षर कॅपिटलचं स्मॉल केलं, तर गिटला (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) पुष्कळदा बदल झाल्याचं कळतच नाही. तेव्हा नाव दोन टप्प्यांत बदला: गिट एमव्ही वापरून आधी तात्पुरतं भलतंच नाव द्या, मग हवं ते नाव द्या आणि नंतर कमिट करा, म्हणजे बदल नोंदवा. टीममध्ये नियमच करून टाका की फाइलींची नावं सगळी स्मॉल अक्षरांत.

शेल स्क्रिप्ट चालवली की "बॅड इंटरप्रिटर" येतं, किंवा डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) म्हणतो "नो सच फाइल". का?

ओळीच्या शेवटामुळे. विंडोजवर ओळ दोन अदृश्य चिन्हांनी संपते, सीआर आणि एलएफ. लिनक्सवर एकट्या एलएफने. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचा, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचा (इंटरप्रिटरचा), पत्ता असतो. ती ओळ विंडोजच्या पद्धतीने संपली की लिनक्सचा कर्नल "बॅश" नावाचा प्रोग्राम शोधत नाही, "बॅश आणि पुढे सीआर" अशा नावाचा शोधतो. तो नसतो, म्हणून "फाइल नाही" हा निरोप. सापडत नाही तो इंटरप्रिटर, आणि माणूस तासभर स्वतःची स्क्रिप्ट शोधत बसतो.

विंडोजवर गिट बसवताना मूळ पर्याय असा असतो की फाइल खाली उतरवताना एलएफचं सीआरएलएफ करायचं. म्हणजे तुम्ही काहीही न चुकता हे घडतं. कायमचा इलाज प्रत्येकाच्या गिट सेटिंगवर सोडू नका, रेपॉझिटरीतच ठेवा. मुळाशी गिटॲट्रिब्यूट्स नावाची फाइल करा (नावाआधी टिंब) आणि एसएच एक्स्टेन्शनच्या सगळ्या फाइलींना "ईओएल=एलएफ" लावा. मग गिट ॲड कमांड --रीनॉर्मलाइज सकट एकदा चालवून कमिट करा. घाई असेल तर डॉस२युनिक्स ही छोटी कमांड त्या एका फाइलपुरती पुरते.

पायथनमध्ये मराठी फाइल उघडली की "चारमॅप कोडेक कान्ट डिकोड बाइट" येतं. मित्राच्या उबुंटूवर तोच कोड चालतो. माझं काय चुकतंय?

चूक एवढीच की फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे कुठल्या बाइटचं कुठलं अक्षर हा तक्ता, सांगितलं नाही. मग पायथन सिस्टिमला विचारतो. लिनक्स आणि मॅक यूटीएफ-८ सांगतात. इंग्रजी (इंडिया) ठेवलेलं विंडोज १२५२ हे जुनं युरोपी कोडपेज सांगतं.

हे नीट समजून घ्या, कारण मराठीत काम करणाऱ्याला याचा फटका रोज बसतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. "पुणे" मधला प म्हणजे ई०, ए४, एए (हे आकडे सोळाच्या पायातले, म्हणजे हेक्स). त्यापुढचा ह्रस्व उकार म्हणजे ई०, ए५, ८१. आता १२५२ कोडपेजमध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी हे पाच बाइट रिकामे आहेत, त्यांना अक्षरच दिलेलं नाही. त्यामुळे फाइल "पुणे" या शब्दाने सुरू होत असेल तर पायथन पाचव्या स्थानावर (मोजणी शून्यापासून) बाइट ८१ ला अडखळतो. हलन्तात ८डी येतो, म्हणजे कुठलंही जोडाक्षर आलं की एरर. ए, ऐ आणि झ यांचीही तीच गत.

एरर आली तर उलट नशीब समजा. "मराठी" या शब्दात त्या पाचांपैकी एकही बाइट नाही. तो शब्द विनातक्रार वाचला जातो आणि पाच खुणांच्या जागी पंधरा परकी चिन्हं तयार होतात. तीच फाइल पुन्हा सेव्ह केली की कचरा पक्का होतो. असं झालं असेल तर त्या मजकुराला १२५२ मध्ये एन्कोड करून यूटीएफ-८ म्हणून परत डिकोड करा; मधे कोणी हात लावला नसेल तर मूळ मजकूर परत मिळतो.

उपाय: प्रत्येक ओपनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहायचंच. जुना मोठा कोड असेल तर पायथनयूटीएफ८ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा; ही सोय ३.७ पासून आहे. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग ठरलं आहे. जावाने हा बदल आवृत्ती १८ मध्ये, २०२२ साली केला. स्क्रीनवर मराठी नीट छापलं जातं पण आउटपुट फाइलमध्ये वळवलं की एरर येते, हीसुद्धा याच घरची तक्रार आहे आणि तोच व्हेरिएबल तिलाही लागू पडतो.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावं विस्कटतात.

फाइल लिहिताना एन्कोडिंग "यूटीएफ-८-सिग" द्या. सुरुवातीला तीन बाइटची खूण पडते आणि एक्सेलला यूटीएफ-८ ओळखू येतं. हीच फाइल लिनक्सवरच्या दुसऱ्या प्रोग्रामला दिलीत, तर ती खूण पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटून येते. वाचतानाही "सिग" लावलं की सुटतं.

"दुसऱ्या" या नावाच्या दोन फाइली दिसतात. एक उघडते, दुसरी उघडत नाही.

हा खास मराठीचा त्रास आहे. "ऱ्या" मधला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध ऱ, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता. डोळ्यांना फरक दिसत नाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं सुटी करून ठेवायची. तशा डिस्कवरून आलेली नावं लिनक्सला वेगळी वाटतात. नाव किंवा शोधायचा शब्द वापरण्याआधी तो एनएफसी या एकसंध रूपात आणा. पायथनमध्ये युनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइज फंक्शन हे एका ओळीत करतं. मतदारयाद्या, वर्गाची हजेरी, ग्राहकांची नावं असं काहीही हाताळत असाल तर ही ओळ विसरू नका. नाहीतर यादीत असलेला माणूस शोधात सापडणार नाही.

छापखान्यातून जुनी मराठी फाइल आली आहे. उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं.

ती युनिकोडमध्ये नाही. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक फॉन्ट कंपनीची आपापली मांडणी होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी त्यातलीच एक. फाइलमध्ये रोमन अक्षरांचे आकडे असतात आणि फॉन्ट त्यावर मराठी चित्र काढतो. फॉन्ट नसला तरी मजकूर जात नाही, फक्त दिसेनासा होतो. नेमका फॉन्ट शोधा आणि त्याच फॉन्टचं युनिकोड रूपांतर वापरा. एका फॉन्टचा तक्ता दुसऱ्याला चालत नाही. रूपांतरानंतर पहिली वेलांटी आणि रफार हाताने तपासा. जुन्या मांडणीत वेलांटी अक्षराआधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर, आणि रूपांतर हमखास तिथे घसरतं.

विंडोज फाइल डिलीट करू देत नाही: "दुसऱ्या प्रोग्रामने उघडली आहे." कुठल्या?

हे विंडोज सांगत नाही ही तक्रार रास्त आहे. रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयू टॅबवर जा आणि "असोसिएटेड हँडल्स" च्या चौकटीत फाइलच्या नावाचा तुकडा टाका. पकडून बसलेला प्रोग्राम दिसेल. बहुधा तो तुमचाच एडिटर, मागे राहून गेलेला नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) किंवा अँटिव्हायरस असतो.

लिनक्स उघडी फाइलही डिलीट करू देतो, पण त्याची किंमत वेगळीकडे मोजावी लागते. मोठी लॉग फाइल उडवली तरी डिस्क भरलेलीच दिसते, कारण कुठला तरी प्रोग्राम ती अजून धरून असतो. एलएसओएफ कमांडला +एल१ दिलं की अशा फाइली दिसतात. तो प्रोग्राम रीस्टार्ट केला की जागा मोकळी होते.

विंडोजवर एनपीएम इन्स्टॉल इतकं रेंगाळतं का?

एनपीएम नोडची पॅकेजं नोड-मॉड्यूल्स फोल्डरमध्ये उतरवतं. तिथे हजारो बारीक फाइली असतात आणि डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) त्या तपासत बसतो. विंडोज ११ मध्ये डेव्ह ड्राइव्ह (कोडसाठी वेगळा ड्राइव्ह) करता येतो. त्याला किमान ५० जीबी जागा लागते आणि त्यावर डिफेंडर तपासणी पुढे ढकलतो. कोड आणि पॅकेजचा कॅश दोन्ही तिथे हलवा. सोबत "पाथ फार लांब" अशी एरर आली, तर ती २६० अक्षरांची जुनी मर्यादा आहे. रजिस्ट्रीत लाँगपाथ्सएनेबल्ड १ करा आणि गिटमध्ये कोअर.लाँगपाथ्स ट्रू करा. दोन्ही लागतात, एकाने भागत नाही.

विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल असताना वेगळं लिनक्स कशाला?

१६ जीबी रॅम असेल तर बहुतेकांना डब्ल्यूएसएल २ पुरतं. तो व्हर्च्युअल मशीनमध्ये खरा लिनक्स कर्नल चालवतो. दोन चुका मात्र जवळजवळ प्रत्येक नवशिका करतो.

पहिली, प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवून तो लिनक्सच्या बाजूने उघडणं. प्रत्येक फाइलला मग दोन सिस्टिम्समधला पूल ओलांडावा लागतो. गिट स्टेटस रेंगाळतं, आणि फाइल बदलल्याची सूचना लिनक्सला पोचत नसल्यामुळे सर्व्हर आपोआप रीलोड होत नाही. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच क्लोन करा.

दुसरी, रॅमला लगाम न घालणं. डब्ल्यूएसएल मशीनची निम्मी रॅम घेऊ शकतो. ८ जीबीच्या लॅपटॉपवर त्यात ब्राउझर आणि एडिटर आले की मशीन गुदमरतं. यूजरच्या फोल्डरमध्ये डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइल करून मेमरी ३ जीबीवर आणा आणि डब्ल्यूएसएल --शटडाउन करून पुन्हा सुरू करा. ८ जीबीच मशीन असेल आणि विंडोजचं काही अडत नसेल, तर आमचं स्पष्ट मत: थेट लिनक्स टाका.

मॅकसुद्धा युनिक्सच आहे ना? मग लिनक्सवरच्या स्क्रिप्ट तिथे का मोडतात?

मॅकवरची कमांडची साधनं बीएसडी या युनिक्स घराण्यातली आहेत, लिनक्सवरची जीएनयू या मुक्त प्रकल्पाची. सेड -आय (फाइलमधला मजकूर जागीच बदलणारी कमांड) लिनक्सवर नुसतं चालतं. मॅकला त्यापुढे बॅकअपचं एक्स्टेन्शन लागतं. -आय.बॅक असं जोडून लिहिलं तर दोन्हीकडे चालतं. मॅकवरचा बॅश अजून ३.२ मालिकेतला आहे, कारण पुढच्या आवृत्त्या जीपीएल ३ खाली आल्या आणि ॲपल तो परवाना टाळते. त्यामुळे असोसिएटिव्ह ॲरे त्यात नाहीत. होमब्रूमधून (मॅकवर पॅकेजं बसवणारं साधन) नवा बॅश घ्या आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत पक्का पत्ता न देता एन्व्हकडून बॅश मागवा.

आणखी काही नेहमीचे खड्डे. सिस्टिम अपडेटनंतर गिटच बंद पडलं आणि "इन्व्हॅलिड ॲक्टिव्ह डेव्हलपर पाथ" आलं, तर एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल चालवा. फ्लास्कचा (पायथनची वेब फ्रेमवर्क) ५००० पोर्ट अडवलेला असेल आणि उत्तरात ४०३ येत असेल, तर तो एअरप्ले रिसिव्हर आहे. २०२१ च्या मॅकओएस मॉन्टेरेपासून तो हा पोर्ट घेतो. सेटिंग्जमध्ये जनरलखाली एअरड्रॉप आणि हँडऑफमध्ये तो बंद होतो. आणि एम मालिकेच्या (ॲपलची स्वतःची चिप असलेल्या) मॅकवर बनवलेली डॉकर इमेज इंटेल सर्व्हरवर "एक्झेक फॉरमॅट एरर" देते. बिल्ड करताना प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४ सांगा.

आयफोनसाठी ॲप करायचं असेल तर मात्र सुटका नाही. एक्सकोड फक्त मॅकवर चालतं आणि ॲप स्टोअरला वर्षाला ९९ डॉलर लागतात.

लिनक्स टाकलं आणि वायफायच दिसत नाही.

फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, म्हणजे निदान इंटरनेट येईल. मग एलएसपीसीआय -एनएनके चालवून वायफाय चिप कुठली ते पाहा. इंटेलची असेल तर सहसा अपडेटने भागतं. ब्रॉडकॉमला वेगळा बंदिस्त ड्रायव्हर लागतो. यूएसबी अडॉप्टर घ्यायला पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत, जाणार असाल तर मॉडेलच्या नावावर विसंबू नका. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या व्हर्जनमध्ये चिप वेगळी असते. बिल करण्याआधी दुकानातच लॅपटॉपला लावा आणि एलएसयूएसबीमध्ये आयडी बघा.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला, तरी एनव्हिडिया-एसएमआय म्हणतो ड्रायव्हरशी संपर्क नाही.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल. सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेत नाही. उबुंटू ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि रीबूट झाल्यावर निळा पडदा येतो. तो दहाच सेकंद थांबतो. बहुतेक जण तेवढ्यात चहा आणायला गेलेले असतात. त्या पडद्यावर एन्रोल एमओके, कंटिन्यू, येस, आणि मग तोच पासवर्ड. संधी हुकली तर एमओकेयूटिल --इम्पोर्ट ने किल्ली पुन्हा नोंदवा आणि रीबूट करा.

पिप इन्स्टॉल केलं की "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट".

उबुंटूची स्वतःची साधनं त्याच पायथनवर चालतात, म्हणून हे कुलूप आहे. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये व्हीएन्व्ह (त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) करा. आधी पायथन३-व्हीएन्व्ह पॅकेज टाकावं लागेल. --ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस लावून कुलूप तोडू नका. नाव वाचा, ते खरंच तसं करतं.

माझी बायनरी ग्राहकाच्या सर्व्हरवर "जीएलआयबीसी २.३८ नॉट फाउंड" म्हणते.

उबुंटू २४.०४ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३९ आहे, २२.०४ मध्ये २.३५. नव्यावर बिल्ड केलेलं जुन्यावर चालत नाही, जुन्यावरचं नव्यावर चालतं. ग्राहकाकडची सर्वांत जुनी आवृत्ती विचारून घ्या आणि तिच्याच कंटेनरमध्ये बिल्ड करा. विंडोज या बाबतीत उजवं आहे. वीस वर्षांपूर्वीची एक्झे फाइल त्यावर पुष्कळदा जशीच्या तशी चालते.

ड्युअल बूट केल्यापासून विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे.

लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितो, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतो. आपला फरक नेमका ५ तास ३० मिनिटांचा. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ चालवा. परदेशी सल्ल्यांत हा उपाय टाळायला सांगतात, कारण तिकडे वर्षातून दोनदा घड्याळं बदलतात. भारतात तो प्रश्न नाही.

ड्युअल बूट करण्याआधी दोन गोष्टी न चुकता करा. बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून ठेवा. बूटच्या सेटिंगला हात लागला की विंडोज ती मागू शकतं. आणि पॉवरसीएफजी /एच ऑफ करून फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर डी ड्राइव्ह लिनक्समध्ये फक्त वाचता येईल, त्यावर लिहिता येणार नाही.

कॉलेजात टर्बो सी शिकवलं. तोच प्रोग्राम जीसीसीवर वेगळं उत्तर देतो.

टर्बो सी १६-बिट आहे. त्यातला इंट ३२,७६७ ला संपतो आणि पुढची बेरीज ऋण होते. जीसीसीवर इंट चार बाइटचा असतो. कोनिओ आणि ग्राफिक्स या हेडर फाइली लिनक्सवर नाहीत. जीसीसी -वॉल आणि -डब्ल्यूएक्स्ट्रा लावून वापरा, इशारे वाचा, आणि व्हॉइड मेन सोडून द्या.

लिनक्सवर बनवलेला प्रोग्राम फुकट वाटावाच लागतो का?

नाही. कर्नलचा परवाना त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामला लागू होत नाही. जीपीएल लायब्ररी, उदाहरणार्थ रीडलाइन, आपल्या प्रोग्रामला जोडून तो वाटलात, तर मात्र सोर्सही द्यावा लागतो.

उलट काळजी बंदिस्त साधनांची घ्या. डॉकर डेस्कटॉप २५० पेक्षा जास्त कर्मचारी किंवा वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपनीला विकत घ्यावं लागतं. लिनक्सवरचं डॉकर इंजिन मोफत आहे. व्हीएस कोडचा सोर्स एमआयटी परवान्याखाली आहे, पण मायक्रोसॉफ्टचं सी++ एक्स्टेन्शन दुसऱ्या एडिटरमध्ये वापरायची परवानगी नाही.

ओपन सोर्स घेतलं की कंपनीच्या लहरीतून सुटलो ना?

पूर्ण नाही. सेंटओएस ८ वर (रेड हॅटच्या लिनक्सची मोफत आवृत्ती) लोकांनी २०२९ पर्यंतच्या भरवशाने सर्व्हर उभे केले होते. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने ते ३१ डिसेंबर २०२१ ला संपवत असल्याचं जाहीर केलं. फरक पडला तो पुढे. सोर्स उपलब्ध होता, म्हणून अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले आणि तेच सर्व्हर थोड्या फेरफारात पुढे चालू राहिले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला, तेव्हा विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेल्या, पण चालू स्थितीतल्या लॅपटॉपला असा दुसरा वारस मिळाला नाही.

सोर्स वाचता येतो म्हणतात, पण खरंच कोण वाचतं?

अडलेला माणूस वाचतो. आधी एसट्रेस लावून प्रोग्राम चालवा. तो कुठली फाइल मागतोय आणि कुठे नकार मिळतोय ते ओळीओळीने दिसतं. मग एपीटी सोर्सने त्या पॅकेजचा कोड उतरवा आणि एररचा मजकूर ग्रेपने शोधा. पुष्कळदा दहा-बारा ओळींत कारण सापडतं. विंडोजवर प्रोसेस मॉनिटर हे साधन एसट्रेसच्या जवळ जातं, आणि ते उत्तमच आहे. पण नकार कुठे मिळाला एवढंच ते दाखवतं. तो का मिळाला हे ज्या कोडमध्ये लिहिलंय, तो तुम्हाला उघडता येत नाही.

गुरुवारी महावितरणच्या दुरुस्तीत वीज गेली. डेस्कटॉप परत चालू केला तर गिट म्हणतं "ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी".

एक्स्ट४ चा जर्नल फाइल सिस्टिम शाबूत ठेवतो, पण नुकत्याच लिहिलेल्या फाइली रिकाम्या राहू शकतात. आधी संपूर्ण फोल्डरची प्रत करून ठेवा. मग गिटच्या ऑब्जेक्ट्स फोल्डरमधल्या शून्य आकाराच्या फाइली फाइंड कमांडने शोधून काढून टाका, गिट फेच करा आणि गिट एफएससीके चालवून पाहा. पुश केलेलं सहसा परत येतं. पुश न केलेला शेवटचा कमिट गेला असेल, तर त्यातला मजकूर कामाच्या फोल्डरमध्ये बहुधा तसाच असतो. पुन्हा कमिट करा.